भट्टी फोडल्यानंतरचे चार दिवस
(अंजनवेल येथील बैठकीतील भाषण)



आंबा-काजूच्या भावाची सभा, इथे मेंदूची गोष्ट कशाला, असं कुणी म्हणेल. पण गावाने ठराव केला, मायबहिणींनी हातभट्टी फोडली, की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी एखाद्या घरात कर्ता गडी फिट येऊन पडतो. मग दारू विकणारा सांगत फिरतो, "बघा, दारू तोडली म्हणून असं झालं." त्याचं बोलणं अर्धं खरं आहे. म्हणूनच ते आपण समजून घेऊ.

मेंदूत 'गाबा' नावाचं रसायन वेसण ओढतं, 'ग्लुटामेट' चाबूक मारतं. दारू वेसणीला जोर देते आणि चाबूक अडवते. वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्याचा मेंदू याच्याशी जुळवून घेतो. चिखलात गुठ्यावर माणूस उभा राहिला की बैल जास्त रेटा लावतात, तसं. वेसण बोथट होते, चाबकाला दाद देणाऱ्या जागा वाढतात. आता गुठ्यावरच्याने एकदम उडी मारली, तर बैल उधळणारच!

शेवटच्या घोटानंतर सहा-आठ तासांत हात कापतात, घाम सुटतो, झोप उडते. फिटचा धोका साधारण ६ ते ४८ तासांत. दोन ते चार दिवसांत काहींना भ्रम होतो: अंगावर किडे दिसतात, ताप चढतो, छाती धडधडते. आपण म्हणतो बाहेरचं झालं, आणि भगताकडे नेतो. उपचाराविना यात पूर्वी पुष्कळ माणसं गेली; वेळेवर उपचार झाले तर दगावणारे शंभरात पाचाच्या आत राहतात.

आणखी एक. श्रावणात एकदम सोडायची, गणपती गेले की पुन्हा धरायची, ही आपली रीत. भारी पिणाऱ्याला अशा प्रत्येक खेपेला पुढची फिट जवळ येते. व्रत मोडा असं आम्ही म्हणत नाही. डॉक्टरला विचारून पाळा.

एप्रिल २०२१ मध्ये टाळेबंदीत दुकानं बंद असताना यवतमाळ जिल्ह्यात वणीला सात जण सॅनिटायझर पिऊन मेले. लोक हसले, बेवडे म्हणाले. ज्याचं शरीर दारूवर टेकलेलं आहे त्याची दारू एका रात्रीत तुटली की तो काय करील, याचा विचार बंद करणाऱ्याने आधी करायचा असतो. सरकारने केला नाही. आपण करू.

तेव्हा ठरावाची तारीख धरण्याआधी गावातल्या रोज पिणाऱ्यांच्या घरी गुपचूप जाऊन या. सकाळी उठल्याबरोबर ज्याला लागते, ज्याला आधी फिट आली आहे, त्याला पहिला सरकारी दवाखान्यात न्या. डॉक्टर भेटेपर्यंत त्याची एकदम तोडू नका. क्लोरडायझेपॉक्साइड, लोराझेपाम अशा गोळ्यांनी डॉक्टर ती वेसण काही दिवस उसनी देतात आणि हळूहळू काढून घेतात. या गोळ्या मेडिकलमधून आपल्या मनाने आणायच्या नाहीत. दारूबरोबर घेतल्या तर श्वास थांबतो. ब जीवनसत्त्वातलं थायमिनही लागतं, आणि ते ग्लुकोजच्या बाटलीआधी. हे दवाखान्यात बेधडक विचारा.

फिट आली तर कुशीवर वळवा. तोंडात चमचा नको, पाणी नको, नाकाला कांदा-चप्पल नको. १०८ ला फोन करा. व्यसनमुक्तीच्या सल्ल्याला १४४४६ आहे, फुकट आहे. दोन्ही नंबर भट्टीच्या वाटेवरच्या भिंतीवर रंगवा.