उरलेले तास



महाराष्ट्रातून दिल्ली विद्यापीठात नुकतेच दाखल झालेले आपण आज कस्तुरबा गांधी मार्गावर जमला आहात. शाळेत दिवसाची आखणी इतरांनी केलेली असे. येथे ती कोणी करीत नाही. २०२२ पासूनच्या अभ्यासक्रमात पहिल्या सत्राला २२ श्रेयांक आहेत. एक श्रेयांक म्हणजे आठवड्याला व्याख्यानाचा एक तास, प्रात्यक्षिक असल्यास दोन. आठवड्याच्या १६८ तासांपैकी वर्गात जातात ते फार तर तीसेक. अडचण आहे ती उरलेल्यांची, त्यातही दोन व्याख्यानांमधल्या मोकळ्या तासाची. तो उपाहारगृहात कसा सरतो, हे मी सांगावयास नको.

१९१३ साली कोलंबिया विद्यापीठात गेलेल्या बाबासाहेब आंबेडकरांजवळ बडोदे संस्थानची तीन वर्षांची शिष्यवृत्ती होती. मुदत डोळ्यांपुढे होती. १९१५ साली ते एम. ए. झाले. आपल्याला मुदत दिसते ती परीक्षा तोंडावर आल्यावर. म्हणून प्रत्येक स्वाध्यायाची तारीख पहिल्याच आठवड्यात वहीत मांडावी आणि तेथून मागे मोजत यावे. अनुवादाचे काम मी असेच करतो : प्रकाशकाची तारीख, उरलेली पाने, मग आजची पाने. मिनिटामिनिटाचे वेळापत्रक मात्र आखू नये; ते तिसऱ्या दिवशी मोडते. मोकळ्या तासाला जागा नेमून द्यावी. महाविद्यालयाच्या ग्रंथालयातील एक ठरावीक खुर्ची पुरे.