जुनी उधारी आणि नवा पत्ता



आमच्या आचऱ्याची गावपळण तुम्ही ऐकून असाल. तीन-चार वर्षांनी एकदा ग्रामदैवत श्री देव रामेश्वराचा कौल झाला, की अख्खा गाव घरांना कुलपे घालून, गुरे-कोंबड्या बरोबर घेऊन वेशीबाहेर पडतो. तीन दिवस, तीन रात्री झोपड्या घालून राहायचे आणि पुन्हा कौल घेऊन परतायचे. वेशीबाहेरच्या त्या मोकळ्या दिवसांत माणूस घरच्या विवंचना जरा विसरतो. पण एक विवंचना अशी आहे, की ती वेस ओलांडली तरी पाठ सोडीत नाही. ती म्हणजे देणे. आज तिच्याविषयीच चार शब्द सांगायचे आहेत.

आमच्या वाडीतला एक मुलगा बंगळूरला हॉटेलात नोकरीला होता. पगार बरा होता. बँकेने आपण होऊन क्रेडिट कार्ड हाती ठेवले. २०२० साली टाळेबंदी आली, हॉटेल बंद पडले आणि मुलगा आचऱ्याला परतला. त्या वर्षी रिझर्व्ह बँकेने ऑगस्टअखेरपर्यंत भरणा पुढे ढकलण्याची मुभा दिली होती, तीत कार्डाची देणीही होती. व्याज मात्र चालूच होते. मुभा संपली, नोव्हेंबरात कसाबसा एक भरणा झाला, डिसेंबरचा चुकला तो चुकलाच. मुलाने फोनचा नंबर बदलला, पत्ता बदलला आणि मनाशी म्हणाला, राज्यच बदलले, आता कोण विचारतो?

पाच वर्षांनी विचारले. फोन आला तो आईला. माउली रडकुंडीला येऊन आमच्या पडवीत बसली. म्हणाली, "कोणाचो तरी फोन इलो, पोलीस येतले म्हणून सांगतत. आता काय करूचा?" चाळीस हजारांचे देणे दीड लाखावर गेले होते. "आजच्या आज पाच हजार भरा, नाहीतर निदान पाचशे तरी भरून एका कागदावर सही करा," असा पलीकडून लकडा. मुलगा पाचशे रुपये भरायला निघालाच होता. तो थांबला, म्हणून पुढचे सारे नीट झाले. का थांबायचे, ते आता पाहू.

राज्य बदलले म्हणून देणे संपत नाही, ही गोष्ट आधी मनाशी पक्की करा. १९६३ चा मुदतीचा कायदा बंगळूरला जो, तोच मालवणला. बँक दावा लावणार तो व्यवहार झाला तिथे, किंवा तुम्ही राहता तिथे. बंगळूरच्या न्यायालयाचा हुकूमनामा बजावणीसाठी इकडच्या न्यायालयाकडे येऊ शकतो. म्हणून समन्स आले तर ते घ्यावे, दार लावून बसू नये. गैरहजर राहिलात तर निकाल एकतर्फी होतो आणि असा हुकूमनामा पुढे बारा वर्षे बजावता येतो.

पण जसे देणे तुमच्या मागून येते, तसा मुदतीचा कायदाही तुमच्या बरोबर येतो. अशा देण्यासाठी दावा लावायला साधारण तीन वर्षांची मुदत असते, भरणा चुकला तेव्हापासून मोजायची. इथे एक मेख आहे. साथीच्या काळामुळे १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हा काळ सर्वोच्च न्यायालयाने मुदतीच्या हिशेबातून वगळला. त्यामुळे आमच्या मुलाची मुदत डिसेंबर २०२३ ला संपली नाही. ती १ मार्च २०२२ पासून धरायची, म्हणजे फेब्रुवारी २०२५ अखेर संपली. मुदतीनंतर दावा आला, तर प्रतिवादीने हरकत घेतली नसली तरी तो फेटाळावा, असे कायदाच सांगतो. तरीसुद्धा तारखा लिहून न्यायालयापुढे ठेवाव्यात हे बरे.

आता त्या पाचशे रुपयांकडे वळू. मुदत चालू असताना तुम्ही देणे कबूल असल्याचे सहीनिशी लिहून दिलेत, किंवा थोडी रक्कम भरून तशी लेखी नोंद केलीत, तर तीन वर्षे पुन्हा पहिल्यापासून मोजली जातात. मुदत संपल्यानंतर नुसत्या भरण्याने ती जिवंत होत नाही. पण "मी हे देणे फेडीन" असे सहीनिशी लिहून दिलेत, तर १८७२ च्या करार कायद्याच्या २५ व्या कलमाप्रमाणे तो नवा करारच ठरतो. फोनवाला सहीसाठी का अडून बसला होता, ते आता ध्यानात येईल. तारखा मोजून होईपर्यंत पैसा नाही आणि सहीही नाही. मोबाइलवरचा लेखी निरोपसुद्धा जपून धाडावा.

मग फोनवर बोलायचे काय? आवाज चढवायचे कारण नाही. एवढेच सांगावे: "तुमचे म्हणणे कागदावर पाठवा. मूळ बँक कोणती, शेवटचा भरणा कधीचा, मुद्दल किती, व्याज आणि दंड किती, आणि देणे दुसऱ्या कंपनीला विकले असेल तर त्याचा पुरावा." मग फोन ठेवावा आणि वहीत तारीख, वेळ, नाव, नंबर टिपून ठेवावा. रिझर्व्ह बँकेने १२ ऑगस्ट २०२२ रोजी बजावले आहे, की वसुलीसाठी सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करू नये, धमकावू नये, चारचौघांत अपमान करू नये, घरच्यांना आणि मित्रांना त्रास देऊ नये. तसे झाले तर आधी बँकेकडे लेखी तक्रार करावी. तीस दिवसांत समाधान झाले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जावे. तिथे फी लागत नाही.

आणि पोलीस? केवळ पैसे भरता आले नाहीत हा गुन्हा नव्हे. ऐपतच नसलेल्या ऋणकोला केवळ देण्यापायी तुरुंगात टाकता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८० सालीच म्हटले आहे. चेक देऊन तो परत गेला असेल, किंवा लबाडी केली असेल, तर गोष्ट वेगळी. शिवाय वसुलीवाल्याचे सोंग घेणारे भामटेही पुष्कळ असतात. ओटीपी कुणालाही सांगू नये, कुणा व्यक्तीच्या खात्यावर पैसे टाकू नयेत. फसवणूक झालीच तर लगेच १९३० या नंबरावर कळवावे.

आमच्या आजोबांच्या काळी दामदुप्पट होती. व्याज मुद्दलापलीकडे जाऊ देत नसत. कार्डाच्या बाबतीत त्या भरवशावर राहू नका. महिना साडेतीन टक्के म्हणजे वर्षाला बेचाळीस टक्के होतात. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ साली यावर तीस टक्क्यांची मर्यादा घातली होती; सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये ती रद्द केली. तडजोड करायचीच असेल, तर बँकेचे पत्र आधी हातात घ्यावे, पैसे बँकेच्याच खात्यात भरावेत आणि काही बाकी नसल्याचा दाखला घ्यावा. तडजोडीची नोंद तुमच्या पतअहवालात राहते, हेही ध्यानात असू द्यावे. हा अहवाल प्रत्येक पतसंस्थेने वर्षातून एकदा फुकट द्यायचा असतो. ही पतसंस्था म्हणजे आपली ठेवी घेणारी नव्हे, पतीची नोंद ठेवणारी. आणि कागद वाचून उमजत नसेल तर ओरोसला जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. तिथे स्त्रियांना आणि कायद्याने ठरवलेल्या इतरांना वकिलाची मदत विनामूल्य मिळते.

आमच्या मुलाने कागद मागवला. शेवटचा भरणा नोव्हेंबर २०२० चा, मधे सही नाही, दावा नाही. मुदत संपल्याचे त्याने वकिलाकडून कळवले आणि फोन थांबले. पण मुदत संपली म्हणजे दावा बुडाला, देणे फिटले नाही. आई त्याला म्हणाली, "चाळीस हजार आपण खर्च केले मा? तेवढे तरी देवक होये." तो अजून विचार करतो आहे. द्यायचे की नाही, हे ठरवायला आता त्याच्यावर फोनवाल्याचा धाक नाही, आणि कायद्याचीही सक्ती नाही. ते त्याने आपल्या मनाला विचारायचे आहे.

गावपळण तीन दिवसांची असते. चौथ्या दिवशी आपल्याच घराचे कुलूप आपल्यालाच उघडावे लागते. ते भीतीने उघडू नका. दिवा घेऊन, हिशेबाची वही हातात धरून उघडा.