ज्योत, वारा आणि भोके



पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतचा पट्टा म्हणजे मोटारींचा मुलूख. तिथल्या एखाद्या हुन्नरी मुलाच्या मनात येते की, ट्रकचा जुना टर्बोचार्जर घ्यावा आणि घरीच गॅस टर्बाइन करावे. टर्बोचार्जरात एका दांड्यावर दोन चाके असतात. एक हवा दाबून पुढे ढकलते. दुसरे तापलेल्या वायूच्या झोताने फिरते आणि पहिल्यालाही फिरवते. या दोहोंच्या मधे एक पिंप जोडायचे आणि त्यात रॉकेल जाळायचे. ऐकायला सोपे! पण खरी मेख आहे ती हवेची.

दाबलेली हवा वादळासारखी येते. उघडी ज्योत तिच्यापुढे टिकेल कशी? आपला कंदील आठवा. काच वारा अडवते, आणि खालची भोके वातीला लागेल तेवढीच हवा देतात. टर्बाइनच्या पिंपातही भोके पाडलेली दुसरी नळी बसवतात. ही झाली ज्योतनळी.

आता हिशेब पाहा. १ किलो रॉकेल पुरते जळायला सुमारे १५ किलो हवा लागते. टर्बाइनमधून मात्र ६० किलोच्या आसपास हवा जाते. मग बाकीची वाया जाते का? मुळीच नाही! ज्योतीची धग २,००० अंश सेल्सिअसच्या घरात, आणि टर्बोचार्जरचे चाक सोसते साधारण ७०० ते ७५०. ती जास्तीची हवाच चाकाला वाचवते.

म्हणून हौशी कारागीर भोकांच्या एकूण क्षेत्रफळाची ढोबळ वाटणी अशी करतात: ३० टक्के ज्योतीच्या मुळाशी, बारीक भोके, २० टक्के मधे, उरलेले जळण संपवायला, आणि ५० टक्के शेवटी, मोठी भोके, वायू निववायला. मुळाशी हवा जास्त झाली तर ज्योत विझते; न जळलेले रॉकेल साचते आणि पुन्हा भडकते. शेवटी कमी पडली तर चाक तापून फुटते, आणि त्याचे तुकडे गोळीसारखे सुटतात.

मोठमोठ्यांनाही हे कोडे सहज सुटले नाही. इंग्लंडात फ्रँक व्हिटल यांनी १२ एप्रिल १९३७ रोजी आपले पहिले जेट इंजिन चालवले. त्यानंतर कित्येक दिवस त्यांना छळले ते जळणाच्या याच प्रश्नाने.

गुरुजनांना एक विनंती. वर्गात कंदील आधी काचेशिवाय पेटवा. ज्योत फडफडेल, धुरकटेल. मग काच उतरवा. ती स्थिर आणि उजळ होईल. मुलांना विचारा, असे का झाले? आणि टर्बाइनचा ध्यास घेतलेल्या मुलाला सांगा, "बाबा रे, आधी भोकांचा हिशेब कागदावर कर. यंत्र चालवायचे ते जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली, कार्यशाळेत, भक्कम आडोशामागे उभे राहून. घरात नाही."

थोडी हवा जाळायला, जास्त हवा सांभाळायला. एवढे ध्यानात ठेवले तरी पुष्कळ झाले.