धीर शिकवता येत नाही, दाखवता येतो



मुलांना खंबीर कसं करावं, हा प्रश्न हल्ली पालक फार विचारतात. त्यासाठी शिबिरं निघाली आहेत, पुस्तकंही निघाली आहेत. माझं म्हणणं साधं आहे. आपण काय सांगतो याकडे मूल फारसं लक्ष देत नाही. आपलं नुकसान झाल्यावर आपण काय करतो, ते मात्र ते टक लावून पाहत असतं.

26 जुलै 2005 चा पाऊस आठवतो ना? मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस झाला आणि इकडे उल्हास नदीनं काठ सोडला. आमच्या कळंबच्या खाचरात तेव्हा नुकतीच भाताची लावणी झाली होती. पाणी ओसरलं, तर रोपांच्या जागी गाळ आणि दगडगोटे! आमचे अब्बा बांधावर बसले आणि नातवंडांच्या देखत रडले. मग तोंड धुऊन उठले नि म्हणाले, "वरच्या राबात थोडी रोपं उरल्यात. चला, तेवढी तरी लावू." त्या वर्षी पीक निम्मंच आलं. पण पुढे माझी मुलगी बारावीत एका विषयात नापास झाली, तेव्हा रडून झाल्यावर तिनं गुणपत्रिका पुढे ओढली आणि म्हणाली, "बाकीचे विषय सुटलेत ना?" हे तिला मी शिकवलं नव्हतं.

आमच्या घरात 'सब्र' हा शब्द फार वापरतात. पुष्कळांना वाटतं, सब्र म्हणजे मुकाट्यानं सोसणं. अब्बांचा सब्र तसा नव्हता. तो आधी रडून घ्यायचा, मग काय उरलं ते मोजायचा आणि मग हात चालवायचा. मोठ्यांनी दुःख लपवलं, तर मुलाला वाटतं, रडणारे आपण एकटेच दुबळे. रडून पुन्हा कामाला लागलेला माणूस त्यानं पाहिला पाहिजे.

आणि ज्यांचे आईबाप उरलेच नाहीत, त्यांचं काय? शेजारच्या खालापूर तालुक्यात 19 जुलै 2023 च्या रात्री इर्शाळवाडीवर दरड कोसळली. 27 मृतदेह सापडले, 57 माणसं सापडलीच नाहीत. वाडीतली काही मुलं आश्रमशाळेत शिकायला होती, म्हणून वाचली. अशा मुलांनी कुणाकडे पाहायचं? आजोबांकडे, काकूकडे, गुरुजींकडे, शेजाऱ्यांकडे, म्हणजे तुमच्या-माझ्याकडे. पालकपण रक्ताच्या नात्यापुरतं ठेवलं, तर ही मुलं उघड्यावर पडतात.

म्हणून एवढंच सांगतो. खचलेल्या मुलाला "रडू नकोस" म्हणू नका. त्याच्याजवळ बसा. दुसऱ्या दिवशी सकाळी आपलं एखादं लहानसं काम हाती घ्या, आणि त्यालाही हात लावू द्या.