तगरीवरची अळी

पावसाळ्यात दारची तगर कशी भरून येते, ते तुम्ही जाणताच. आणि एके सकाळी शेंड्याच्या चार फांद्यांच्या नुसत्या काड्या झालेल्या दिसतात. खाली फरशीवर मिऱ्याएवढ्या काळपट लेंड्या. लगेच हाक जाते, "अहो, ते औषध कुठं ठेवलंय?" त्या औषधाच्या बाटलीबद्दलच मला बोलायचंय.

बाटली राहू द्या. लेंड्या पडल्यात त्याच्या बरोब्बर वर पाहा. बोटाएवढी हिरवी अळी फांदीला धरून असते. अंगावर बारीक पांढरे ठिपके, शेपटाशी आखूड शिंग. काडीनं हलकेच शिवलंत, तर ती डोकं आत ओढून घेते, अंग फुगवते आणि निळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचे दोन खोटे डोळे पुढे करते. पक्षी बिचकावा म्हणून. ती चावत नाही, तिला खाजरे केसही नाहीत.

तगर हे तिचं आजोळ. मादी पतंग अंधारात येते, पानांवर एकेक अंडं ठेवते आणि निघून जाते. कण्हेरीवरही ठेवते, सदाफुलीवरही. आता आजोळी नातवंडं आली की लाडवांचे डबे रिकामे होणारच! म्हणून कुठली आजी दाराला कडी लावते? सुटी दोन-तीन आठवड्यांची. पोरं गेली की डबे पुन्हा भरतात. तगरही पुन्हा पालवते. ती काही मरत नाही. म्हणून परत सांगते, फवारू नका.

आणि एवढ्यानं भागत नाही बरं का. पोट भरलं की अळी तपकिरी पडते, खाली उतरते आणि पालापाचोळ्यात कोष करते. आपण काय करतो? तोच पाला झाडून पेटवतो. फवारा टाळलात आणि पाला जाळलात, तर नातवंडं वाटेतच गेली की हो!

कोषातून निघतो तो पतंग जरूर बघा. पंख पसरले की जवळजवळ चार इंच. हिरव्या रंगावर गुलाबी-पांढऱ्या लाटा. दिवेलागणीनंतर फुलासमोर हवेतच थांबून लांब सोंडेनं मध पितो. याच कुळातले पतंग मधुमालतीच्या लांब नळीच्या फुलांचं परागीभवन करतात. म्हणून यंदा तगरीखालचा पाला दिवाळीपर्यंत हलवू नका.