आधी भोपळ्यावर, मग देहावर



शल्यविद्येत मुखोद्गत केलेले ज्ञान आणि हातात उतरलेले ज्ञान यांत मोठे अंतर असते. आचार्य सुश्रुतांनी ते ओळखले होते. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील नवव्या अध्यायात त्यांनी शिष्यांच्या सरावाची योजनाच सांगितली आहे. छेद घेण्याचा सराव भोपळा, कलिंगड, काकडी यांवर. भेदनाचा पाण्याने भरलेल्या चामड्याच्या पिशवीवर. टाक्यांचा जाड वस्त्रावर आणि मऊ चामड्यावर. पट्टी बांधण्याचा मनुष्याकृती पुतळ्यावर. शास्त्रात पारंगत, पण सरावाविना असलेला शिष्य त्यांनी शस्त्रकर्मास अपात्र मानला.

आज हाच प्रश्न पुन्हा उभा आहे. ‘लॅन्सेट’ नियतकालिकाच्या आयोगाने २०१५ साली मांडलेल्या अहवालानुसार, जगातील ५०० कोटी लोकांना सुरक्षित व परवडणारी शस्त्रक्रिया वेळेवर मिळत नव्हती. दुर्गम भागातील एकट्या डॉक्टरची उणीव केवळ उपकरणांची नसते. चूक दाखविणारा गुरू जवळ नसतो. शंभरांतील एक-दोन गर्भधारणांत गर्भ गर्भाशयाबाहेर, बहुधा गर्भनलिकेत रुजतो. नलिका फुटली तर पोटात रक्तस्राव होतो आणि हाती फार थोडा वेळ उरतो. डॉक्टरने आपला पहिला सराव त्या मातेच्या देहावर करावा काय?

इथिओपिया व कॅमेरूनमधील शल्यचिकित्सकांनी अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाच्या सहकार्याने याच व्याधीसाठी ‘ऑल-सेफ’ हा प्रकल्प उभारला. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेच्या सरावासाठी स्वस्त, स्थानिक साहित्याची पेटी. निर्णयशक्ती घडविण्यासाठी संगणकीय पाठ. आणि सरावाचे चित्रण पाहून गुणदोष सांगणारे सहाध्यायी, अशी त्याची रचना आहे.

साधन महाग म्हणजे उत्तम, हा भ्रम येथे गळून पडतो. जेथे वीज जाते आणि सुटा भाग मिळत नाही, तेथे लाखो रुपयांचे यंत्र धूळ खात पडते. पडद्यावरील पाठाने नुसते दाखवू नये, ‘आता पुढे काय?’ असे विचारावे आणि चुकीच्या उत्तराचा परिणामही समोर ठेवावा. कोणता रुग्ण आपल्या आवाक्याबाहेरचा आहे आणि त्याला तातडीने पुढे केव्हा पाठवावे, हा विवेकही त्याने शिकवावा. पेटी गुरूची जागा घेत नाही. ती गुरूची दृष्टी दूरवर पोहोचविते.

सुश्रुतांचा अभिमान बाळगणे सोपे आहे. त्यांच्या सरावाची ती शिस्त शेवटच्या गावातील डॉक्टरच्या हातापर्यंत नेणे कठीण आहे. अभियंते, शल्यचिकित्सक आणि कारागीर एकत्र बसले, तर हे घडू शकते. आचार्यांना खरे वंदन तेच ठरेल.