कफ कोंडू नका
(रात्रीच्या साक्षरता वर्गात केलेले भाषण)



मी डॉक्टर नाही. वैद्यही नाही. तुमच्यासारखाच शेतकरी आहे. पण वीस वर्षे छातीत कफ घेऊन जगतो आहे. गुरुजी म्हणाले, "तुम्ही जे शिकलात ते चार लोकांना सांगा." म्हणून उभा राहिलो. मध्येच खोकला आला तर मी थांबेन. तुम्हीही थोडे थांबा.

तरुणपणी मला क्षय झाला होता. औषधे पुरी घेतली. क्षय बरा झाला. पण फुप्फुसाला झालेली इजा तशीच राहिली. श्वासाच्या काही नळ्या सैल आणि रुंद झाल्या. त्यांत कफ साचू लागला. वर मी बिडी ओढत होतो. मग काय विचारता! सकाळी उठलो की तासभर खोकला. कफ चिकासारखा दाट. तुटता तुटेना.

लोकांना वाटले, क्षय उलटला. पंगतीत शेजारी कोणी बसेना. मग मीच भजनाला जाणे सोडले. सूनबाई नातवाला माझ्याजवळ देईना. तिचा राग नाही. लेकराची काळजी आईने नाही करायची तर कोणी? पण मी खोकला दाबू लागलो. तोंडावर उपरणे धरायचे आणि कफ आतच ठेवायचा. दुकानातून खोकला थांबवायचे गोड औषध आणून प्यायचो. घरात माझा आवाज ऐकू येऊ नये, एवढीच धडपड.

त्याचे फळ मिळाले. एका पावसाळ्यात ताप भरला. धाप लागली. दोन पावले चालवेना. मुलाने तालुक्याच्या दवाखान्यात नेले. तिथे थुंकी तपासली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "बाबा, थुंकीत क्षयाचे जंतू नाहीत. नातवाला खुशाल जवळ घ्या. पण हा कफ कोंडू नका. तो रोज बाहेर काढा."

त्यांनी मला जे समजावले ते सांगतो.

आपल्या श्वासाच्या नळ्या आतून ओलसर असतात. तिथे थोडा कफ सगळ्यांनाच असतो. धूळ आणि जंतू त्याला चिकटतात. नळ्यांना आतून बारीक केस असतात. डोळ्यांना दिसत नाहीत इतके बारीक. वाऱ्यावर भाताची रोपे डोलतात तसे ते हलतात आणि कफ वर ढकलतात. बिडीच्या धुराने हे केस लुळे पडतात. चुलीचा धूर वर्षानुवर्षे छातीत गेला तरी फुप्फुसे बिघडतात. बिडीला कधी हात न लावलेल्या बायांनाही म्हणूनच जुना खोकला जडतो.

कफ हलला नाही की साचतो. साचला की त्यात जंतू वाढतात. जंतूंनी नळ्या आणखी बिघडतात. मग कफ आणखी साचतो. पाटात गाळ बसला तर आपण काय करतो? पाट बुजवत नाही. गाळ काढतो. छातीचेही तसेच आहे.

आता गाळ काढायचा कसा? नुसते जोराजोरात खोकून कफ सुटत नाही. माणूस दमतो, घसा सोलवटतो. त्यापेक्षा असे करा.

ताठ बसा. खांदे सैल सोडा. थोडा वेळ सावकाश श्वास घ्या.

मग तीन-चार वेळा खोल श्वास घ्या. दर वेळी मनात तीन म्हणेपर्यंत धरा. मग हळू सोडा. त्याने हवा कफाच्या मागे जाते.

पुन्हा थोडा वेळ सावकाश श्वास घ्या.

मग बेताचा श्वास घ्या. तोंड उघडा आणि पोटातून जोर लावून "हा" करा. आरसा पुसताना आपण त्यावर वाफ सोडतो ना, तसे. पण जरा जोराने. एकदा-दोनदाच करा. मग विसावा घ्या.

हे सगळे परत परत करा. कफ घशाशी आला की एकदा खोका आणि थुंका. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. दहा-पंधरा मिनिटे पुरतात. जेवल्याबरोबर करू नका. चक्कर आली तर थांबा.

माझी उजवी बाजू खराब आहे. म्हणून मी आधी डाव्या कुशीवर निजतो. खराब बाजू वर येते आणि कफ मोठ्या नळीकडे उतरतो. तुमची बाजू कोणती ते डॉक्टरांना विचारा. मनाने डोके खाली लोंबवून निजू नका. हृदयाचा किंवा रक्तदाबाचा विकार असेल तर ते धोक्याचे आहे.

पाणी पोटभर प्या. अंगात पाणी कमी पडले की कफ घट्ट होतो. मात्र हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या दुखण्यासाठी डॉक्टरांनी पाणी मोजून सांगितले असेल, तर तेवढेच प्या. वाफ घेतल्याने बरे वाटते, पण उकळते पातेले लवंडून माणसे भाजतात. लेकरे जवळ असतील तर फार जपा.

कोणी म्हणतात, दूध सोडा, केळे सोडा, कफ होतो. मीही सोडले होते. नुसता वाळलो. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, दुधाने छातीत कफ वाढत नाही. अशक्त माणसाला कफ काढायलाही बळ राहत नाही. तेव्हा नीट जेवा. झेपेल तेवढे रोज चाला. चालण्यानेही कफ हलतो.

डॉक्टरांनी पंप दिला असेल तर लाजू नका. पंपाची दारूसारखी सवय लागते, हे खरे नाही. नळ्या मोकळ्या करणारा पंप असेल, तर तो आधी ओढा. मग कफ काढा.

बिडी सोडा. मला तीनदा सोडावी लागली. तिसऱ्यांदा सुटली. घरात गॅस असेल तर तो वापरा. चूलच असेल तर धूर बाहेर जायला वाट करा.

थुंकी इकडेतिकडे टाकू नका. झाकणाचा डबा ठेवा. मग ती संडासात टाका किंवा खड्ड्यात पुरा. हात साबणाने धुवा.

आता नीट ऐका. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल, तर आधी थुंकी तपासा. सरकारी दवाखान्यात क्षयाची तपासणी आणि औषध फुकट आहे. पूर्वी क्षय होऊन गेला असेल आणि खोकला वाढला, तर पुन्हा तपासा. कफ नेहमीपेक्षा वाढला, पिवळा-हिरवा झाला, ताप आला, तर लगेच दवाखाना गाठा. उरलेल्या जुन्या गोळ्या मनाने घेऊ नका. कफात थोडे जरी रक्त दिसले तरी दाखवा. रक्त जास्त पडले, ओठ निळे पडले, बोलता येईना इतकी धाप लागली किंवा माणूस गुंगू लागला, तर सकाळची वाट पाहू नका. 108 ला फोन करा.

मंडळी, माझा कफ गेला नाही. तो जायचा नाही. बिघडलेल्या नळ्या पुन्हा नव्या होत नाहीत. पण रोज अर्धा तास त्याला दिला, तर उरलेला दिवस माझा असतो. मी शेतात जातो. भजनाला बसतो.

"हा" करायला शिकलो तेव्हा समोर आरसा धरायचो. आता आरसा लागत नाही. तरी नातू रोज सकाळी तो आणून देतो आणि म्हणतो, "आजोबा, तुमची शाळा भरली!"

तुमच्याही घरात एखादा म्हातारा, एखादी म्हातारी तोंडावर पदर किंवा उपरणे धरून खोकला दाबत असेल. तुम्हाला आता वाचता येते. हे त्यांना वाचून दाखवा. त्यांच्याजवळ बसून दाखवा.

राम राम.